एक अक्षर, पाच आकडे : तेलुगूचा तक्ता वाचताना



फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. एखाद्याच्या आयफोनवर निरोपातून एक तेलुगू अक्षर यायचं, ते पडद्यावर उमटायला गेलं की ॲप जागच्या जागी बंद पडायचं. पुन्हा उघडा, पुन्हा बंद. काही वेळा तर अख्खा फोनच बंद-चालू होत राहायचा. मॅकवरही तेच. जगभर बातम्या झाल्या, ‘तेलुगू अक्षराने आयफोन कोसळतो’ अशा अर्थाचे मथळे आले आणि त्या बिघाडाला ‘तेलुगू बग’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. १९ फेब्रुवारीला ॲपलने ११.२.६ ही सुधारित आवृत्ती दिली आणि बातमी संपली.

बातमी संपली तिथून आम्ही आज सुरुवात करणार आहोत. कारण त्या वेळी आम्हाला एक प्रश्न पडला होता आणि तो अजून सुटलेला नाही. फोन पडला, तर दोष अक्षराला का दिला गेला?

अक्षर कोणतं होतं? ज्ञा. ज्ञानातलं ज्ञा. तेलुगूतही त्याचा अर्थ तोच. आपण मराठी माणसं ते ‘द्न्या’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्या’ म्हणतात, पण लिहितो सगळेच ज आणि ञ जोडून. (आज तेलुगूची सगळी उदाहरणं आम्ही नागरीतूनच देणार आहोत. ते का शक्य होतं, हाही आजच्या विषयाचा भाग आहे.)

आता यंत्राला हे अक्षर कसं दिसतं ते बघा. यंत्राकडे अक्षर नसतं, आकडा असतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवणारं जागतिक प्रमाण म्हणजे युनिकोड. आपला देवनागरी क म्हणजे २३२५. तेलुगू क म्हणजे ३०९३. जोडाक्षराला मात्र स्वतंत्र आकडा नाही. ते सुटे भाग ओळीने मांडून तयार होतं. तेलुगू ज्ञा म्हणजे ३१०० हा ज, ३१४९ हे पाय मोडण्याचं चिन्ह, ३१०२ हा ञ आणि ३१३४ हा काना. चार आकडे.

गंमत अशी, की या चार आकड्यांनी फोन पडत नव्हता. तेलुगू माणूस ज्ञान, विज्ञान, आज्ञा खुशाल लिहीत होता. फोन पाडणाऱ्या मांडणीत आकडे पाच होते. ञ आणि काना यांच्यामध्ये ८२०४ नावाचा एक पाहुणा बसलेला होता. तो डोळ्यांना दिसत नाही, जागा अडवत नाही. ‘इथे जोडू नकोस’ एवढंच तो यंत्राला सांगतो. त्याला आपण आडपडदा म्हणू. म्हणजे ज्याला सगळे ‘ते तेलुगू अक्षर’ म्हणत होते, त्यातला एक घटक तेलुगूचा नव्हताच. पुढे तपास करणाऱ्यांना आढळलं, की बंगाली आणि देवनागरीतल्याही काही मांडण्यांनी फोन तसाच पडत होता. आपला पाय मोडलेला क, त्यापुढे र, मग आडपडदा, मग काना, एवढं पुरेसं होतं. पण त्याला ‘देवनागरी बग’ कुणी म्हणालं नाही. ॲपलच्या सुरक्षा-टिपणात कारण दिलं होतं ते स्मृतीतल्या बिघाडाचं, आणि उपाय होता येणारा मजकूर नीट तपासून घेण्याचा. थोडक्यात, चूक मजकूर मांडणाऱ्या आज्ञावलीची होती. नाव मात्र तेलुगूचं लागलं.

कुणी म्हणेल, वर्तमानपत्रवाल्यांना एवढं बारीक कुठे कळणार? मान्य. पण हा नुसता घाईचा दोष नाही. संगणकाच्या धंद्यात आपल्या लिप्यांना रूढ शब्दच आहे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, म्हणजे गुंतागुंतीची लिपी. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ११ लाख लोकांनी मातृभाषा म्हणून तेलुगू सांगितली. यांची लिपी गुंतागुंतीची, ती कुणाच्या मानाने? पहिलीतलं पोर ती शिकतं. गुंतागुंत आहे ती एका गृहीतकात. एक अक्षर, एक आकडा, एक चौकट, डावीकडून उजवीकडे एकापुढे एक. हे गृहीतक रोमन लिपीवरून आलं. जी लिपी त्यात बसते ती साधी आणि जी बसत नाही ती अवघड, अशी वाटणी मग आपोआप झाली.

तेलुगू कशी लिहितात ते पाहिलं तर हे चटकन लक्षात येईल. नागरीत जोडाक्षर करताना आपण सहसा पहिल्या अक्षराला अर्धं करतो. ‘सत्य’मधला त अर्धा, य पूर्ण. तेलुगूत पहिलं अक्षर पूर्णच राहतं आणि दुसरं त्याच्या खाली येऊन बसतं. या खालच्या रूपाला ‘वत्तु’ म्हणतात. स्वराची खूण लागते ती वरच्या, म्हणजे पहिल्या अक्षराला. त्यामुळे तेलुगू ज्ञामध्ये काना दिसतो जला लागलेला आणि ञ असतो खाली. यंत्राच्या स्मृतीत मात्र क्रम उच्चाराचा असतो : आधी ज, मग ञ, शेवटी काना. कागदावरचा क्रम वेगळा, साठवणीतला वेगळा. हे आपल्यालाही नवीन नाही. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी कच्या आधी दिसते, पण साठवली जाते कच्या नंतर. हा फेरबदल करण्याचं काम आज्ञावलीचं आहे आणि २०१८ साली ती तिथेच अडखळली.

आणि हा आडपडदा तरी तिथे आला कुठून? बातम्यांतून तो एखाद्या खोडसाळ माणसाने घुसडलेला विषाणू वाटत होता. प्रत्यक्षात तेलुगू लिहिणाऱ्याला तो रोज लागतो. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात. पण हैदराबाद हे नाव व्यंजनाशी थांबतं. ‘हैदराबादमध्ये’ म्हणायचं तर पुढे ‘लो’ हा प्रत्यय लागतो. आडपडदा नसेल तर ल थेट दच्या खाली जाऊन बसतो आणि गावाच्या नावाचं शेपूटच बदलतं. म्हणून दचा पाय मोडायचा, आडपडदा टाकायचा आणि मग ‘लो’ लिहायचा. इंग्रजीतून आणि उर्दूतून आलेल्या कितीतरी शब्दांना ही सोय लागते. मराठीतही ‘वाङ्‌मय’ लिहिताना ङचा पाय मोडलेलाच दिसावा असं वाटलं तर आपण हाच आडपडदा वापरतो. फोन पडला तो आडपडदा नेहमीच्या जागी नव्हता म्हणून, हे खरं. पण चुकीच्या जागी आलेलं चिन्ह दिसलं तर वाकडंतिकडं दिसावं. फोन कशाला पडावा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मासिकात कविता आली की आपण तिची समीक्षा करतो. कोश निघाला की त्यात कोणते शब्द घेतले, कोणते गाळले, यावर लिहितो. युनिकोडचा तेलुगू तक्ता हासुद्धा एक मजकूर आहे. १२८ घरांचं एक पान. लेखनाच्या दृष्टीने तेलुगूतल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्याचा प्रभाव मोठा, कारण आज तेलुगूत जे काही टंकलं जातं ते या पानातून जातं. मग या पानाचं वाचन आपण का करू नये?

हे पान मुळात कुणाच्या हातचं? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी आधार घेतला तो आपल्याकडच्याच प्रमाणाचा, इस्कीचा, १९८८ च्या रूपाचा. म्हणजे हे सगळं परदेशातून लादलं गेलं, असं म्हणायची सोय नाही. आणि आपल्या महाराष्ट्राचा त्यात थेट संबंध आहे. हा साचा यंत्रांवर चालवून दाखवणारं जिस्ट तंत्र कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं.

साच्यामागची कल्पना फार देखणी होती. भारतीय लिप्यांची वर्णमाला बहुतांशी एकच, मग क सगळीकडे एकाच क्रमांकाच्या घरात ठेवा. युनिकोडने तेच केलं. देवनागरी पहिली, तेलुगू सातवी, म्हणजे १२८-१२८ घरांच्या सहा चाळी पुढे. सहा गुणिले १२८ म्हणजे ७६८. देवनागरी कच्या २३२५ मध्ये ७६८ मिळवा, ३०९३ येतात, तो तेलुगू क. तेलुगूतलं नाव नागरीत न्यायचं तर प्रत्येक आकड्यातून ७६८ वजा करा, बरंचसं काम झालं. आम्ही आज तेलुगू उदाहरणं नागरीत देतो आहोत ती याच नात्याच्या जोरावर. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि शाळेत मराठी असं चालतं. तिथल्या माणसाला हे नातं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सुटे भाग जोडून अक्षर करण्याचाही निर्णय योग्यच होता, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. कोरियन लिपीला १९९६ मध्ये प्रत्येक अक्षरासाठी वेगळा आकडा मिळाला, एकूण ११,१७२. तेलुगूला तसं का नको, असं विचारणारे भेटतात. पण कोरियनचा हिशेब बंद आहे : १९ गुणिले २१ गुणिले २८. तेलुगूत हिशेबापुरती ३५ व्यंजनं आणि १४ स्वर धरले, तर नुसती दोन व्यंजनांची जोडाक्षरंच १७,१५० होतात. तीन व्यंजनांची धरली, जशी ‘स्त्री’मध्ये आहेत, तर ६ लाखांच्या वर. त्यातली बरीच कधीच लागणार नाहीत, पण उद्या कुठला परका शब्द कोणतं जोडाक्षर घेऊन येईल ते आज कोण सांगणार? तेव्हा पद्धतीवर आमची टीका नाही.

टीका आहे ती साच्याच्या मनातल्या नमुन्यावर. सगळ्या लिप्या समान म्हटल्या, पण समान कुणाशी? घरांचा क्रम आणि कोणतं घर कशाला, हे देवनागरीवरून ठरलं. इतर लिप्यांनी आपापली अक्षरं त्या घरांत ठेवायची, न बसणारं बाहेर ठेवायचं.

एक उदाहरण देतो, त्यावर तुम्हीच विचार करा. द्राविडी भाषांत जिभेला मागे वळवून उच्चारायचा एक जुना वर्ण आहे. तमिळमध्ये तो आजही जिवंत आहे. तेलुगूत तो प्राचीन शिलालेखांत सापडतो, पुढे लुप्त झाला. हा वर्ण नागरीत लिहून दाखवता यावा म्हणून देवनागरीच्या तक्त्यात त्याला घर दिलेलं आहे : ळच्या खाली नुक्ता, ऴ. ते घर तिथे सुरुवातीपासून आहे. तेलुगूच्या तक्त्यात त्याच क्रमांकाचं घर रिकामं होतं. ते भरलं २०१४ मध्ये. म्हणजे तेलुगूचा स्वतःचा जुना वर्ण नागरीत पाहुणा म्हणून २३ वर्षं आधी राहायला आला आणि स्वतःच्या घरात नंतर. दरम्यान तेलुगू शिलालेख यंत्रावर उतरवून घेणाऱ्याने काय करायचं? चित्र चिकटवायचं, नाही तर दुसरं अक्षर उसनं घ्यायचं. दोन्ही केलं तरी तो शब्द शोधून सापडत नाही.

आता तारखा जुळवून बघा. तेलुगूला केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला २००८ मध्ये. प्राचीनतेचा दाखला मिळाला, सत्कार झाले. पण त्या प्राचीनतेचा पुरावा असलेली अक्षरं यंत्रात येत होती तुकड्यातुकड्याने. हा वर्ण २०१४ मध्ये. जुन्या लेखांतला आणखी एक र-सारखा वर्ण २०१५ मध्ये. पाय मोडलेल्या नचं जुनं स्वतंत्र रूप, ज्याला ‘नकार पोल्लु’ म्हणतात, ते २०२१ मध्ये. मराठीला अभिजात दर्जा मिळाला २०२४ मध्ये आणि आपणही पेढे वाटले. आपली मोडी युनिकोडमध्ये आली तीही २०१४ मध्येच, तेलुगूच्या त्या वर्णाच्याच आवृत्तीत. तेव्हा हसायचं असेल तर जरा जपून.

२००८ च्याच आवृत्तीत तेलुगूला आणखी काही मिळालं, आणि ते तर रोजच्या बोलण्यातलं होतं. ‘चार गायींना चारा घातला’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. लिहिताना आपण फरक करत नाही. तेलुगूतही असेच दोन च आणि दोन ज आहेत. ‘चाला’, म्हणजे पुष्कळ, यातला च आपल्या चाऱ्यातला. हा फरक दाखवणारी अक्षरं चार्ल्स फिलिप ब्राउनच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशात छापलेली आहेत. शिशाच्या खिळ्यांना जे जमलं होतं, ते संगणकाच्या तक्त्यात यायला २००८ उजाडलं. त्याच वर्षी तेलुगूचे अपूर्णांक आले. हे अपूर्णांक चारच्या पटीत चालतात : पाव, मग पावाचा पाव म्हणजे सोळावा हिस्सा, मग त्याचाही पाव. एका टप्प्याला उभ्या रेघा, पुढच्या टप्प्याला आडव्या. पावकी-निमकी पाठ केलेल्या आणि रुपयाचे सोळा आणे मोजलेल्या आपल्या जुन्या लोकांना हे क्षणात कळलं असतं. आणि याच आवृत्तीत मराठीचा ‘ॲ’ आला, एकसंध अक्षर म्हणून. ॲपल लिहायला आज आपण जो वापरतो तो.

मराठीचं देणं-घेणं इथेच संपत नाही. दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फरक फक्त रफार आणि आडवा र यांचा. हा आडवा र युनिकोडमध्ये कसा लिहायचा? त्यासाठी जो आकडा वापरतात, २३५३, तो मुळात ठेवला होता द्राविडी भाषांतला कठोर र नागरीत दाखवण्यासाठी. म्हणजे आपल्या दऱ्या उभ्या आहेत दाक्षिणात्य रच्या आधारावर. शिवाय हाच आडवा र साध्या र-पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच याची खात्री नाही. तेलुगूवाले जे भोगतात त्याची ही घरगुती आवृत्ती.

बरं, चूक झाली तर दुरुस्त करता येते का? युनिकोडचा नियम आहे, की एकदा दिलेला आकडा परत घ्यायचा नाही आणि एकदा ठेवलेलं नाव बदलायचं नाही. नियमामागचं कारण रास्त आहे, जुने मजकूर मोडू नयेत. पण त्यामुळे चूक कोरली जाते. शेजारच्या कन्नड तक्त्यात मघाच्याच जुन्या द्राविडी वर्णाला चुकून ‘फ’ असं नाव पडलं. चूक आहे हे प्रमाणातच नोंदवलेलं आहे. तरी अधिकृत नाव आजही तेच.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. ज्ञा हे एक अक्षर आहे, की दोन, की पाच? वाचणाऱ्याला विचारा, एक. यंत्राचे आकडे मोजा, त्या दिवशीचे पाच. आणि ‘वाचणाऱ्याला एक अक्षर कुठे संपल्यासारखं वाटतं’ हे ठरवण्यासाठी युनिकोडचा जो सर्वसाधारण नियम होता, तो २०१८ मध्ये सांगत होता दोन : पाय मोडका ज वेगळा, पुढचं वेगळं. तेलुगू, देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर अखंड धरावं, ही सुधारणा त्या नियमात आली २०२३ मध्ये. म्हणजे ‘ज्ञा हे एक अक्षर आहे’ एवढं साधं वाक्य प्रमाणात लिहून यायला ३२ वर्षं लागली. आपली बाराखडी शिकवणाऱ्या बाई ते पहिल्याच वर्षी सांगतात.

आता आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. फोन पडला तेव्हा दुरुस्ती काही दिवसांत आली. का? महागडे फोन जगभर बंद पडत होते, ते सगळ्यांना दिसत होतं. तेलुगूचा वर्ण २३ वर्षं नव्हता, तेव्हा काहीच बंद पडलं नाही. कुणाचा शब्द लिहिला गेला नाही, एवढंच. न लिहिलेल्या शब्दाची बातमी होत नाही. त्याची तक्रार ती भाषा वापरणाऱ्यानेच करायची असते, आणि इथे दोष फक्त परदेशी कंपन्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं. पण पुरावा द्यावा लागतो : हे अक्षर इथे छापलं आहे, इथे कोरलं आहे, या वहीत या अर्थाने वापरलं आहे. तेलुगूला २००८ नंतर जे मिळालं ते असं कुणीतरी जुनी पानं धुंडाळून, नमुने जोडून, चिकाटीने मागितलं म्हणून मिळालं.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. माळ्यावर आजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतील, मोडीतल्या असोत, तेलुगूतल्या असोत. त्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. एखादं चिन्ह असं दिसलं की जे तुमच्या फोनवर लिहिता येत नाही, तर ते पान जपून ठेवा. कुणाला तरी, कधीतरी, पुरावा म्हणून तेच लागेल.